नवा सीमानाका वाटाघाटीतून कसा उभा राहतो : कर्तारपूरच्या आधारे सविस्तर मार्गदर्शन

पंजाबमधील गुरदासपूर जिल्ह्यात, डेरा बाबा नानक या गावाजवळच्या बांधावर अनेक वर्षे एक दुर्बीण बसवलेली होती. भाविक तिथवर येत, तिच्यातून रावीपलीकडच्या गुरुद्वारा दरबार साहिबचे पांढरे घुमट पाहत, हात जोडत आणि माघारी फिरत. गुरू नानकांनी आयुष्याची अखेरची सुमारे १८ वर्षे ज्या कर्तारपुरात काढली आणि १५३९ मध्ये जिथे देह ठेवला, ते ठिकाण सीमेपासून जेमतेम साडेचार किलोमीटरवर आहे. पण १९४७ च्या फाळणीत आखलेल्या रॅडक्लिफ रेषेने ते पाकिस्तानातील नारोवालच्या बाजूला गेल्यामुळे तिथे पोहोचण्यासाठी व्हिसा काढून अटारी-वाघामार्गे लाहोरला जावे लागे आणि शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडे. १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयींच्या लाहोर बसयात्रेच्या वेळी या ठिकाणी थेट वाट काढण्याचा विषय निघाला आणि ९ नोव्हेंबर २०१९ रोजी ती वाट खुली झाली. मागणी वीस वर्षांची होती. प्रत्यक्ष वाटाघाटी मात्र एका वर्षाच्या आत पूर्ण झाल्या.

त्या एका वर्षात काय घडले, कोणत्या क्रमाने घडले आणि कुठे अडले, हे पाहिले की दोन शेजारी देशांमध्ये नवा सीमानाका कसा ठरतो हे नीट समजते. आंतरराष्ट्रीय संबंधांचे विद्यार्थी, प्रशासकीय सेवेची तयारी करणारे उमेदवार, सीमाव्यापाराशी संबंध असलेले व्यावसायिक आणि असा एखादा नाका व्हावा म्हणून पाठपुरावा करणाऱ्या संस्था यांना डोळ्यांसमोर ठेवून ही पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली आहे. कर्तारपूर हा तिचा कणा आहे. जिथे त्याचा अनुभव पुरत नाही तिथे इतर सीमांवरची उदाहरणे घेतली आहेत.

पहिली पायरी : नाका कोणासाठी, हे आधी एका वाक्यात लिहा

“संपर्क वाढावा” हा हेतू वाटाघाटीला पुरत नाही. कोण ओलांडणार, काय घेऊन ओलांडणार, किती वेळ पलीकडे राहणार आणि कोणत्या वाटेने परतणार, या चार प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात बसली पाहिजेत. कर्तारपूरचे वाक्य असे होते : भारतीय यात्रेकरूंनी व्हिसाशिवाय सकाळी जावे, फक्त गुरुद्वाऱ्यात दर्शन घ्यावे आणि त्याच दिवशी त्याच वाटेने परत यावे. मालवाहतूक नाही, मुक्काम नाही, पुढे लाहोरला जाणे नाही. हेतू इतका आटोपशीर ठेवल्यामुळेच एरवी ज्यांचे कोणत्याही विषयावर जमत नव्हते अशा दोन सरकारांना या एका विषयावर बोलता आले.

भारत-बांगलादेश सीमेवरचे हाट हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. २०१० च्या सामंजस्य करारानुसार हे बाजार सीमेलगतच्या पाच किलोमीटर परिसरातील रहिवाशांसाठी आहेत, आठवड्यातील ठरावीक दिवशी भरतात आणि खरेदीला मर्यादा आहे. तिथे पासपोर्टची मोठी इमारत लागत नाही. कुंपण, दोन दरवाजे, ओळखपत्रे आणि विक्रेत्यांची यादी एवढ्यावर काम भागते. याउलट पेट्रापोल-बेनापोलसारख्या ठिकाणी रोज शेकडो मालमोटारी उभ्या राहतात, त्यामुळे तिथे वाहनतळ, वजनकाटे, गोदामे, शीतगृहे, वनस्पती व पशुविलगीकरणाची प्रयोगशाळा या सगळ्यांची गरज असते. हेतू न ठरवता जागा आणि इमारत यांवर चर्चा सुरू केली तर दोन्ही शिष्टमंडळांच्या डोक्यात दोन वेगवेगळे नाके असतात आणि हे लक्षात येईपर्यंत वर्ष निघून जाते.

दुसरी पायरी : आधी घरातली बैठक

परदेशी शिष्टमंडळासमोर बसण्यापूर्वी आपल्याच खात्यांची सहमती व्हावी लागते, आणि बहुतेक वेळा हीच पायरी सर्वांत लांबते. भारतात परकीय करार हा केंद्राचा विषय असला तरी नाक्याशी संबंध येणारी खाती बरीच आहेत. परराष्ट्र मंत्रालय, सीमा व्यवस्थापन आणि इमिग्रेशन पाहणारे गृह मंत्रालय, सीमाशुल्क विभाग, सीमा सुरक्षा दल, रस्ता बांधणारे महामार्ग प्राधिकरण, २०१० च्या कायद्यानुसार स्थापन झालेले आणि मार्च २०१२ पासून काम करणारे भारतीय भूबंदर प्राधिकरण, आणि जमीन, पोलीस, वीज व पाणी ज्याच्या हाती आहे ते राज्य सरकार, एवढे सर्वजण एका मसुद्यावर यावे लागतात.

यातून एक प्रमुख वाटाघाटीकार नेमला पाहिजे आणि त्याच्याकडे कुठपर्यंत झुकायचे याचा लेखी अधिकार असला पाहिजे. कर्तारपूरसाठी भारताच्या बाजूने गृह मंत्रालयाचे सहसचिव एस. सी. एल. दास यांनी नेतृत्व केले, तर पाकिस्तानच्या बाजूने परराष्ट्र मंत्रालयाचे दक्षिण आशिया विभागाचे महासंचालक मोहम्मद फैसल होते. एका बाजूला सुरक्षेचे खाते आणि दुसऱ्या बाजूला राजनयाचे खाते समोरासमोर येते तेव्हा दोघांची भाषा वेगळी असते, आणि हे आधीच ओळखून आपल्या चमूत दुसऱ्या खात्याचा जाणकार माणूस बसवावा लागतो.

समोरच्या समितीत कोण आहे, याचाही अभ्यास याच टप्प्यावर करावा. २ एप्रिल २०१९ ची नियोजित बैठक भारताने पुढे ढकलली, कारण पाकिस्तानने नेमलेल्या समितीतील काही नावांवर खलिस्तानवादी संबंधांमुळे भारताचा आक्षेप होता. बैठकच नाकारणे आणि स्पष्टीकरण मिळेपर्यंत ती पुढे ढकलणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या मार्गाने आक्षेपही नोंदवला जातो आणि दारही बंद होत नाही. त्या मधल्या काळात तांत्रिक बैठका चालूच राहिल्या.

तिसरी पायरी : तारीख ठरवा आणि विषय वेगळा ठेवा

कर्तारपूरच्या बाबतीत सर्वांत प्रभावी ठरलेली गोष्ट म्हणजे दिनदर्शिका. गुरू नानकांची ५५० वी जयंती १२ नोव्हेंबर २०१९ रोजी होती आणि ही तारीख कोणत्याही सरकारला हलवता येणारी नव्हती. २२ नोव्हेंबर २०१८ रोजी भारतीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, २६ तारखेला भारताच्या बाजूने आणि २८ तारखेला पाकिस्तानच्या बाजूने पायाभरणी झाली, आणि त्यानंतर प्रत्येक बैठकीत उरलेले दिवस मोजले गेले.

त्या वर्षाचा इतिहास आठवला तर हे किती अवघड होते ते कळते. १४ फेब्रुवारीला पुलवामाचा हल्ला झाला, २६ फेब्रुवारीला बालाकोटची हवाई कारवाई झाली, आणि तरीही १४ मार्चला दोन्ही शिष्टमंडळे अटारीत पहिल्या बैठकीसाठी बसली. ५ ऑगस्टला जम्मू-काश्मीरविषयी भारताने निर्णय घेतल्यावर पाकिस्तानने राजनैतिक संबंधांचा दर्जा खाली आणला आणि व्यापार थांबवला, तरीही ३० ऑगस्टला तांत्रिक बैठक झाली आणि ४ सप्टेंबरला अटारीत तिसरी मुख्य बैठक झाली. या विषयाची फाइल बाकीच्या फाइलींपासून वेगळी ठेवली गेली, एवढेच त्याचे कारण. म्हणून मार्गदर्शन असे, की नव्या नाक्याच्या वाटाघाटीत व्यापारातील सवलत, पाणीवाटप किंवा कैद्यांची सुटका यांपैकी काहीही देवाणघेवाणीसाठी आणू नये, आणि समोरून आणले गेले तर त्यासाठी वेगळी बैठक सुचवावी. भाविकांची, रुग्णांची, सीमेवरच्या शेतकऱ्यांची अशी हलवता न येणारी तारीख मिळत असेल तर ती पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी.

चौथी पायरी : बिंदू, म्हणजे नेमकी जागा

दोन रस्ते सीमेवर एकमेकांना मिळायला हवेत, हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात प्रत्येक देशाचे सर्वेक्षण आपापल्या संदर्भप्रणालीवर चालते, आपल्या बाजूची सोयीची जमीन, लष्करी गरज आणि आधीचे रस्ते वेगळे असतात, आणि नदीकाठी तर सीमास्तंभच वाहून गेलेले असू शकतात. म्हणून संयुक्त सर्वेक्षण करून शून्य बिंदूचे, म्हणजे सीमारेषेवर दोन्ही रस्ते जिथे मिळतात त्या जागेचे, अक्षांश-रेखांश दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी प्रत्यक्ष जागेवर उभे राहून ठरवावेत आणि त्यावर सह्या घ्याव्यात. कर्तारपूरसाठी पहिल्या मुख्य बैठकीनंतर पाचच दिवसांनी, १९ मार्चला, अभियंते शून्य बिंदूवर भेटले, आणि पुढेही एप्रिल व मे महिन्यांत अशाच बैठका झाल्या. मुख्य बैठकीत धोरणाचे विषय आणि जागेवरच्या बैठकीत रस्त्याची पातळी, रुंदी, कुंपणाची जागा असे विषय, ही विभागणी प्रत्येक वाटाघाटीत पाळण्यासारखी आहे.

जागेवरून दोन देश किती काळ अडू शकतात याचे ठळक उदाहरण डॅन्यूब नदीवरचे आहे. बल्गेरिया आणि रुमानिया यांच्यातील सुमारे पावणेपाचशे किलोमीटरच्या नदीसीमेवर दीर्घकाळ एकच पूल होता. दुसरा पूल कुठे बांधायचा यावर, प्रत्येकाला आपल्याच भूमीतून जास्त लांब वाहतूक जावी असे वाटत असल्यामुळे, एकमत होत नव्हते. विदिन-कलाफात या जागेवर २००० मध्ये करार झाला आणि पूल जून २०१३ मध्ये सुरू झाला. झांबिया आणि बोत्सवाना यांच्यातील कझुंगुला पुलाची अडचण आणखी वेगळी होती. तिथे झांबेझी नदीवर दोघांची सामाईक सीमा जेमतेम दीडशे मीटरची आहे आणि नामिबिया व झिम्बाब्वे अगदी लगत आहेत, म्हणून मे २०२१ मध्ये खुला झालेला ९२३ मीटरचा तो पूल सरळ न बांधता वळणदार बांधावा लागला. तिसऱ्या देशाची सीमा जवळ असेल तर त्याचा विचार नकाशा काढतानाच करावा, हा त्याचा धडा.

भारत-बांगलादेश सीमेवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १९७५ च्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांनुसार सीमारेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणात्मक स्वरूपाचे बांधकाम करायचे नाही असे ठरले आहे, आणि यामुळे त्या पट्ट्यातील साध्या बांधकामावरूनही दोन्ही सीमादलांमध्ये हरकती निघतात. नाक्याची इमारत, छप्पर, कुंपण, जलवाहिनी यांपैकी काय त्या पट्ट्यात येते आणि त्याला दुसऱ्या बाजूची लेखी संमती आहे का, हे आराखडा पूर्ण होण्याआधी तपासावे.

आणि जमीन कोणाची आहे हे विसरू नये. पंजाबच्या सीमेवर अनेक शेतकऱ्यांची शेते कुंपणापलीकडे आहेत आणि ठरावीक वेळी उघडणाऱ्या फाटकातूनच त्यांना तिथे जाता येते. नाक्यासाठी रस्ता आणि इमारत येते तेव्हा ज्याचे शेत जाते त्याला मोबदला, आणि ज्याचे शेत उरते त्याला जाण्यायेण्याची वाट, या दोन्हींचा निकाल पायाभरणीच्या आधी लागला पाहिजे. शेतकऱ्याचा प्रश्न मागाहून पाहू असे म्हणणाऱ्या शिष्टमंडळावर माझा विश्वास बसत नाही. आपल्याच माणसांशी न बोलता शेजाऱ्याशी केलेला करार जमिनीवर उतरताना अडतो.

पाचवी पायरी : पाण्याचा प्रश्न अभियंत्यांवर सोडू नका, करारात आणा

कर्तारपूरच्या वाटाघाटीतील सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे. शून्य बिंदूजवळ रावीचा जुना प्रवाह, बुढी रावी, वाहतो आणि आजूबाजूचा सगळा भाग पूरमैदानाचा आहे. पाकिस्तानचा सुरुवातीचा विचार मातीचा भराव टाकून त्यावरून रस्ता नेण्याचा होता. भारताचे म्हणणे होते की भरावाचा रस्ता पूरमैदानात आडवा पडला की तो बांधासारखे काम करतो आणि पाणी तुंबून डेरा बाबा नानकच्या बाजूच्या गावांत व शेतांत शिरते, म्हणून तिथे खांबांवरचा पूलच हवा.

महाराष्ट्रातील वाचकांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अलमट्टीच्या फुगवट्यावरून सांगली-कोल्हापूरकडे दर पावसाळ्यात जी चर्चा होते, तिचे मूळ याच प्रश्नात आहे : खालच्या बाजूला अडवलेले पाणी वरच्या बाजूला किती चढते? फरक इतकाच, की इथे वरची आणि खालची बाजू दोन देशांत आहेत आणि मध्यस्थी करायला लवाद किंवा केंद्र सरकार नाही.

हा प्रश्न सोडवण्याची रीत अशी. दोन्ही बाजूंनी आपापले पूरपातळीचे आकडे आणि नदीचे छेद एकमेकांना द्यावेत. किती वर्षांतून एकदा येणारा पूर धरून आराखडा करायचा हे आधी ठरवावे. मग भराव आणि पूल अशा दोन्ही पर्यायांत पाणी किती चढेल याची आकडेमोड दोन्ही अभियंत्यांनी स्वतंत्रपणे करून समोर ठेवावी. आकडे समोर आले की वादाचा आवाज आपोआप खाली येतो. १४ जुलै २०१९ च्या वाघा येथील दुसऱ्या बैठकीत पाकिस्तानने पूल बांधण्यास तत्त्वतः मान्यता दिली. मात्र नोव्हेंबरपर्यंत पूल होणार नव्हता. तेव्हा भारताने आपल्या हद्दीतील पुलाचा भाग बांधायचा आणि पाकिस्तानचा भाग पूर्ण होईपर्यंत तात्पुरत्या रस्त्याने यात्रा सुरू करायची, असा मधला मार्ग काढला गेला.

मधला मार्ग काढताना एक खबरदारी आवश्यक आहे : तात्पुरती व्यवस्था किती काळ चालेल आणि कायमची व्यवस्था कोणत्या तारखेपर्यंत होईल, हे लिहिले नाही तर तात्पुरते तेच कायमचे होऊन बसते. पुराची भीती कागदी नव्हती, हे पुढच्या वर्षांनी दाखवले. जुलै २०२३ मध्ये पाणी वाढल्यामुळे यात्रा काही दिवस थांबवावी लागली आणि ऑगस्ट २०२५ च्या पुरात कर्तारपूरचा गुरुद्वारा परिसर आणि डेरा बाबा नानककडचा भाग दोन्ही पाण्याखाली गेले.

सहावी पायरी : किती माणसे, कोणत्या कागदावर, किती शुल्क देऊन

सुरुवातीला पाकिस्तानची तयारी दिवसाला काही शे यात्रेकरूंपुरती होती. भारताने रोज पाच हजार आणि विशेष दिवशी त्याहून अधिक अशी मागणी केली, आणि अखेर रोजचा आकडा पाच हजारांवर ठरला. अशा आकड्यावर भावनेने वाद घालू नये. त्यामागे हिशेब ठेवावा. समजा पाच हजार माणसे सकाळच्या चार तासांत जाणार आहेत, म्हणजे ताशी साडेबाराशे. एका माणसाच्या कागदपत्रांना दोन मिनिटे लागली तर एक खिडकी तासाला तीस माणसे पुढे सोडते, म्हणजे कमीत कमी ४२ खिडक्या हव्यात, आणि यंत्र बिघडणे व कर्मचारी रजेवर असणे धरून पन्नासच्या पुढे. भारताने पंधरा एकरांवर बांधलेल्या प्रवासी इमारतीत इमिग्रेशनच्या पन्नासहून अधिक खिडक्या ठेवल्या त्या याच हिशेबाने योग्य ठरतात. समोरच्या बाजूने कमी आकडा सुचवला तर खिडक्या, बसगाड्या, स्वच्छतागृहे आणि लंगरची क्षमता यांपैकी नेमके काय कमी पडते हे विचारावे, कारण कमतरता बांधकामाची असेल तर ती टप्प्याटप्प्याने भरून काढता येते आणि ती इच्छेची असेल तर तेही त्याच प्रश्नातून उघड होते.

कागदपत्रांच्या बाबतीत कर्तारपूरचा तोडगा लक्षात ठेवण्यासारखा आहे. करारानुसार व्हिसा नाही, पण वैध पासपोर्ट हवा आणि भारत सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळालेली इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी हवी. परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे ओसीआय कार्ड असलेल्यांनाही आपापल्या देशाच्या पासपोर्टवर जाता येते, आणि कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला जाता येते. भारत यात्रेकरूंची यादी दहा दिवस आधी पाठवतो आणि पाकिस्तान चार दिवस आधी ती पक्की करतो. या दोन मुदतींमुळे सुरक्षा यंत्रणांना तपासणीला वेळ मिळतो आणि व्हिसा या शब्दाशिवायही तपासणी होते. दोन्ही बाजूंच्या खऱ्या गरजा शोधून त्या नव्या साधनाने भागवणे म्हणजे काय, हे मला या कलमातून सर्वांत चांगले समजले. सोबत न्यायच्या वस्तूंचेही नियम लागतात : यात्रेकरूला अकरा हजार रुपयांपर्यंत रोकड आणि सात किलोंपर्यंतची एक पिशवी नेता येते.

शुल्काच्या बाबतीत मात्र एकमत झाले नाही. पाकिस्तानने प्रत्येक यात्रेकरूमागे २० अमेरिकी डॉलरचे सेवाशुल्क मागितले आणि भारताने त्याला अखेरपर्यंत विरोध केला. ५५० वी जयंती तोंडावर होती. तेव्हा २४ ऑक्टोबर २०१९ रोजी शून्य बिंदूवर करारावर सही करताना भारताने शुल्काचा फेरविचार करण्याचा आग्रह पुन्हा नोंदवला आणि त्याप्रमाणे करारात दुरुस्ती करण्यास कधीही तयार असल्याचे सांगितले. एखादा मुद्दा सुटत नसेल तर त्यासाठी संपूर्ण करार अडवायचा, की विरोध नोंदवून पुढे जायचे, हा निर्णय तो मुद्दा मागाहून दुरुस्त करता येतो का यावर घ्यावा. शुल्क उद्या कमी करता येते. चुकीच्या जागी बांधलेला पूल हलवता येत नाही.

(डेरा बाबा नानक ज्या जिल्ह्यात आहे त्याच गुरदासपूर जिल्ह्यात घुमान आहे, जिथे संत नामदेवांनी दीर्घकाळ वास्तव्य केले आणि जिथे एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तेव्हा या वाटेवरचे मराठी यात्रेकरू काही परके नव्हेत.)

सातवी पायरी : पैसा आणि विरोधक

साध्या नाक्यात प्रत्येक देश आपापल्या हद्दीतील खर्च करतो आणि तेवढ्यावर प्रश्न मिटतो. मोठा पूल असेल आणि एका बाजूची निकड दुसरीपेक्षा जास्त असेल तर निकडीची बाजू जास्त भार उचलते. कॅनडातील विंडसर आणि अमेरिकेतील डेट्रॉइट यांच्यामधील नव्या पुलासाठी १५ जून २०१२ रोजी कॅनडा आणि मिशिगन राज्य यांच्यात करार झाला. बांधकामाचा खर्च कॅनडाने करायचा, तो पथकरातून वसूल करायचा आणि पुलाची मालकी दोघांची, असे ठरले. पुढे अमेरिकेच्या बाजूच्या सीमाशुल्क संकुलाचा खर्चही कॅनडानेच उचलण्याचे २०१५ मध्ये ठरले. तिथे १९२९ पासून खासगी मालकीचा अँबॅसडर पूल होता आणि त्याच्या मालकांचा नव्या पुलाला कडाडून विरोध होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये या विषयावर मिशिगनमध्ये मतदान झाले आणि नव्या पुलाला अडथळा ठरणारा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. नव्या नाक्याने कोणाचे उत्पन्न घटणार आहे, जुन्या वाटेवरचे हमाल, दलाल, ढाबेवाले, बसचालक, फेरीबोटवाले यांचे काय होणार, याची यादी वाटाघाटी सुरू होतानाच करावी.

आठवी पायरी : दोन्ही टोके एकाच दिवशी तयार हवीत

त्रिपुरातील साब्रूम आणि बांगलादेशातील रामगढ यांना जोडणारा फेनी नदीवरचा मैत्री सेतू ९ मार्च २०२१ रोजी मोठ्या समारंभाने खुला झाला. १.९ किलोमीटरचा हा पूल पूर्ण होता. पण दोन्ही बाजूंची तपासणी व्यवस्था वेळेत तयार नव्हती आणि पुढे काही वर्षे त्यावरून नियमित प्रवासी किंवा माल गेला नाही. साब्रूमच्या एकात्मिक तपासणी नाक्याचे उद्घाटनच मार्च २०२४ मध्ये झाले. म्हणून कामाचे वेळापत्रक करारासोबत जोडावे, त्यात रस्ता, इमारत, वीज, इंटरनेट, कर्मचारी नेमणूक आणि अधिसूचना अशा प्रत्येक बाबीची दोन्ही बाजूंची तारीख शेजारीशेजारी असावी आणि दर महिन्याला संयुक्त पाहणी व्हावी.

कामाच्या वेळा हा दिसायला लहान पण रोज त्रास देणारा विषय आहे. एका बाजूची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि दुसऱ्या बाजूची रविवारी असेल तर आठवड्याचे दोन दिवस वाया जातात. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराचे आठवे कलम शेजारी देशांनी कामाचे दिवस व तास, कार्यपद्धती, सामाईक सुविधा आणि संयुक्त तपासणी यांबाबत सहकार्य करावे असे सांगते. मसुदा लिहिताना त्या कलमाची भाषा वापरली तर समोरच्या बाजूला ती आपली अट वाटत नाही. त्याही पुढचा टप्पा म्हणजे एकच थांबा असलेला नाका. झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरील चिरुंडू येथे डिसेंबर २००९ पासून ही पद्धत आहे, आणि आफ्रिकेतील ती पहिली. तिथे एका देशाचे अधिकारी दुसऱ्याच्या भूमीवर बसून आपला कायदा चालवतात. त्यासाठी दोन्ही संसदांचा कायदा लागतो, त्यामुळे पहिल्याच करारात हे साधण्याचा हट्ट धरू नये. इमारतीचा आराखडा मात्र पुढे तसे करता येईल असा ठेवावा.

नववी पायरी : मसुदा आणि घरचे कायदे

नकाशे, आराखडे, वेळापत्रक, यादीचा नमुना हे सर्व करारात परिशिष्ट म्हणून जोडावे आणि ते बदलण्याचा अधिकार दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांच्या संयुक्त कार्यगटाला द्यावा, म्हणजे प्रत्येक लहान बदलासाठी मंत्र्यांची सही लागत नाही. मूळ करारात हेतू, सार्वभौमत्वाला बाधा नसल्याचे कलम, पात्र प्रवासी, आणीबाणीतील वैद्यकीय मदत, हरवलेल्या किंवा मुदतीत न परतलेल्या व्यक्तीची परतपाठवणी, अधिकाऱ्यांमधील थेट दूरध्वनी आणि कराराची मुदत एवढे असावे. त्यानंतर घरची कामे उरतात : भारतात भूमार्गावरील सीमाशुल्क ठाणे १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या सातव्या कलमाखाली अधिसूचित करावे लागते, इमिग्रेशनचा नाका गृह मंत्रालयाने अधिकृत करावा लागतो, चलन नेण्याची सवलत वेगळी द्यावी लागते. यांपैकी एक अधिसूचना राहिली तरी उद्घाटनाच्या दिवशी फाटकापाशी अधिकारी आणि प्रवासी दोघेही खोळंबतात.

दहावी पायरी : बंद कसा होईल, आणि पुन्हा कसा उघडेल

सीमानाका उघडायला दोघांची सही लागते. बंद करायला एकाची इच्छा पुरते. कर्तारपूरचा करार पाच वर्षांसाठी होता आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आणखी पाच वर्षांनी वाढवला गेला, म्हणजे कागदावर त्याला खंड नाही. प्रत्यक्षात मार्च २०२० मध्ये कोविडमुळे वाट बंद झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पाकिस्तानने ती उघडण्याची तयारी दाखवली, पण भारताच्या बाजूने ती १७ नोव्हेंबर २०२१ ला उघडली. मे २०२५ मध्ये लष्करी संघर्षाच्या काळात भारताने यात्रा पुन्हा थांबवली. कोणत्या वेळी कोणाचा निर्णय बरोबर होता यात मी इथे शिरत नाही; पण दोन्ही वेळी वाट थांबली ती एका दिवसात, आणि पहिल्या वेळी ती पुन्हा सुरू व्हायला वीस महिने लागले, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक मसुदाकाराने समोर ठेवावी.

त्यासाठी करारात, दोन्ही बाजूंची मने चांगली असतात त्याच वेळी, स्थगितीचे कलम तपशिलाने लिहून घ्यावे. स्थगिती कोणत्या पातळीवरचा अधिकारी जाहीर करू शकतो. त्या क्षणी पलीकडे असलेल्या माणसांना किती तासांत आणि कोणत्या वाटेने परत आणायचे. साथीचा रोग, पूर आणि सुरक्षा या तीन कारणांसाठी वेगवेगळी मुदत कोणती. त्या मुदतीनंतर संयुक्त कार्यगटाने आपोआप बैठक घ्यायची का, आणि ती कोणाकडे. बंद काळात इमारत, पंप, वीजजोडणी आणि पुलाची देखभाल कोणी करायची. आणि उघडताना पहिल्या आठवड्यात रोज किती माणसे सोडून सुरुवात करायची, एवढी सहा उत्तरे त्या कलमात असावीत. यांपैकी शेवटचे उत्तर सहसा कोणी लिहीत नाही, आणि पुन्हा उघडण्याच्या चर्चेत पहिला वाद तिथेच होतो.